कोर्ट कमिशनरसमोरील साक्षीचे चित्रीकरण : व्यावसायिकाने कोणती काळजी घ्यावी?

नौपाडा_कॅमेरा (ठाणे पश्चिम)

नमस्कार. ठाण्यात लग्न, मुंज आणि संस्थांच्या वार्षिक सभा यांचे चित्रीकरण करणे हा माझा व्यवसाय आहे. ठाणे जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या एका परिचितांनी नुकतेच मला अगदी वेगळ्या स्वरूपाचे काम विचारले. घोडबंदर रस्त्यावरील एका सोसायटीत राहणाऱ्या वयोवृद्ध बाई एका दिवाणी दाव्यात साक्षीदार आहेत. वाद एका बक्षीसपत्राचा आहे आणि ते बक्षीसपत्र करताना त्या स्वतः हजर होत्या. प्रकृतीमुळे त्यांना न्यायालयात जाणे शक्य नाही, म्हणून न्यायालयाने कोर्ट कमिशनर (न्यायालयाच्या वतीने साक्ष नोंदवणारे) नेमले असून उलटतपास, म्हणजे समोरच्या वकिलांनी घेतलेली प्रश्नोत्तरे, त्यांच्या घरीच होणार आहे. त्याचे सलग चित्रीकरण व्हावे, असे दोन्ही पक्षांनी मान्य केले आहे.

काम स्वीकारण्यापूर्वी जाणकारांकडून काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. कॅमेरा कोठे आणि कसा लावावा? साक्षीदार पाणी प्यायला थांबल्या किंवा वकील आपापसांत बोलू लागले, तर तो भाग नंतर काढून टाकता येतो का? चित्रफीत कोणाच्या हाती द्यायची आणि तिच्यासोबत मला कोणत्या कागदावर सही करावी लागेल? बाईंना कमी ऐकू येते, त्यामुळे प्रश्न मोठ्याने आणि पुन्हा पुन्हा विचारले जातील. एका वृद्ध साक्षीदाराचे म्हणणे केवळ चित्रीकरण नीट न झाल्यामुळे संशयास्पद ठरू नये, ही माझी मुख्य चिंता आहे.


उलटतपास_ठाणे

आपण काम घेण्याआधी विचारलेत हे फार योग्य केलेत. मी दिवाणी बाजूला वकिली करतो आणि कमिशनर म्हणूनही साक्षी नोंदवल्या आहेत, म्हणून आधी कायद्याची बाजू मांडतो.

आजारपणामुळे किंवा अशक्तपणामुळे न्यायालयात येऊ न शकणाऱ्या व्यक्तीची साक्ष कमिशनवर घेण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ मध्ये आहे. सरतपास (साक्षीदाराचे स्वतःच्या बाजूचे मूळ निवेदन) शपथपत्रावर आणि उलटतपास न्यायालयासमोर किंवा कमिशनरसमोर, ही आजची पद्धत आदेश १८ नियम ४ मधून आली असून ती १ जुलै २००२ पासून लागू आहे. त्याच नियमात साक्ष लेखी किंवा यांत्रिक पद्धतीने, कमिशनरच्या समक्ष नोंदवावी असे म्हटले आहे. या यांत्रिक पद्धतीत ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण दोन्ही येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने सालेम अॅडव्होकेट बार असोसिएशन प्रकरणात २००२ मध्येच स्पष्ट केले आणि पुढे वाद उद्भवू नये म्हणून कमिशनरने साक्ष नोंदवताना निदान ध्वनिमुद्रण तरी करावे, असा सल्लाही दिला. इतकी वर्षे उलटूनही हा सल्ला आपल्याकडे अपवादानेच पाळला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हा सल्ला किती महत्त्वाचा आहे हे प्रत्यक्ष साक्ष चालू असताना कळते. वकील प्रश्न विचारतात, साक्षीदार आपल्या पद्धतीने उत्तर देतो आणि कमिशनर त्या उत्तराचा आशय टंकलेखकाला सांगतात. साक्षीदाराने चार वाक्यांत, अडखळत, आधी एक सांगून मग ते दुरुस्त करत दिलेले उत्तर कागदावर एका सरळ वाक्यात उतरते. बहुतेक वेळा ते वाक्य प्रामाणिक असते. पण दाव्याचा निकाल ज्या उत्तरावर अवलंबून असतो तेथेच नेमका वाद होतो, आणि अपिलात बसलेल्या न्यायाधीशांसमोर कागदाखेरीज दुसरे काहीच नसते. कमी ऐकू येणाऱ्या साक्षीदाराच्या बाबतीत तर प्रश्न नीट ऐकू आला होता की नाही, हाच प्रश्न निर्णायक ठरू शकतो. साक्षीदाराच्या वर्तनाविषयी शेरा लिहिण्याचा अधिकार कमिशनरला आहे. मात्र ‘साक्षीदार गोंधळलेला दिसला’ एवढ्या शेऱ्यावरून तो प्रश्नाने गोंधळला की ऐकू न आल्याने, हे कोणाला ठरवता येणार? चित्रीकरण असेल तर न्यायाधीश ते स्वतः पाहू शकतात.

आता तुमची जागा. तुम्ही कोणत्याही पक्षाचे नसता. पैसे वादी देवो की प्रतिवादी, सूचना फक्त कमिशनरकडून घ्यायच्या. कामाच्या आधी न्यायालयाच्या आदेशाची प्रत मागून घ्या आणि चित्रीकरणाविषयी त्यात काय म्हटले आहे ते स्वतः वाचा. आदेशात उल्लेख नसेल, तर उभय पक्षांची लेखी संमती कमिशनरने कामकाजात नोंदवून घेतली पाहिजे. ज्या परिचितांनी तुम्हाला काम सांगितले ते एका पक्षाचे वकील असतील, तर तुमची ओळख आहे हे कमिशनरांना आणि समोरच्या वकिलांना आधीच सांगा. साक्षीदाराशी नमस्कारापलीकडे बोलू नका, त्यांच्या घरच्या माणसांशी दाव्याविषयी तर अजिबात नको.

काही काढून टाकण्याविषयी विचारलेत. एक क्षणही काढता येणार नाही. पाणी पिणे, खोकला, शांतता, वकिलांची खडाजंगी हे सगळे राहिले पाहिजे. वकिलांनी हरकत घेतली तर कमिशनर ती फक्त नोंदवतात, तिचा निर्णय न्यायालय युक्तिवादाच्या वेळी करते. म्हणून ज्या प्रश्नाला हरकत आली तो प्रश्न आणि त्याचे उत्तर दोन्ही चित्रफितीत असणे आवश्यक आहे.


ध्वनी_वाशी

वकीलसाहेबांनी कायद्याचे सांगितले, मी आवाजाविषयी लिहितो, कारण अशा कामात चित्र जरा कमी चांगले आले तर चालते, पण उत्तर ऐकू आले नाही तर सगळे चित्रीकरण निरुपयोगी होते. मी लवादाच्या सुनावण्यांचे ध्वनिमुद्रण करतो.

कॅमेऱ्यावरच्या माइकवर अजिबात विसंबू नका. साक्षीदार, प्रश्न विचारणारे वकील, समोरचे वकील आणि कमिशनर या चौघांसाठी चार स्वतंत्र माइक घ्या आणि प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर नोंदवा. दोघे एकाच वेळी बोलले, आणि उलटतपासात ते होणारच, तर वेगळ्या ट्रॅकमुळे कोण काय म्हणाले ते नंतर सुटे ऐकता येते. बाईंना कॉलर माइक लावताना तो पदराला लावू नका. पदर प्रत्येक हालचालीला त्यावर घासतो आणि नेमके हळू आवाजातले शब्द त्या खरखरीत बुडतात. ब्लाउजच्या काठाला लावायचा असेल तर घरातल्या एखाद्या बाईंना लावायला सांगा. ते अवघड वाटले तर माइक टेबलावर छोट्या स्टँडवर, त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. श्रवणयंत्र वापरत असतील तर ते शिट्टी वाजवते का हे आधी पाहा आणि तशी शिट्टी आली तर त्याच क्षणी कमिशनरांच्या लक्षात आणून द्या.

आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद ठेवा. साक्षीदार विचार करत गप्प बसला की ही सोय पातळी वाढवत नेते, आणि त्या शांततेत पंख्याची घरघर आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोठ्या होऊन येतात. साक्षीदाराची शांतता हाही पुराव्याचा भाग आहे, ती शांतताच ऐकू आली पाहिजे. डोक्यावरचा पंखा बंद करता येत नसेल (मे महिन्यात वृद्ध व्यक्तीला पंख्याविना बसवणे योग्य नाही), तर तो सर्वांत कमी वेगावर ठेवून माइक जवळ आणणे हाच उपाय. घोडबंदर रस्त्याच्या बाजूची खोली शक्यतो टाळा. मागच्या बाजूची झोपायची खोली लहान असली तरी अवजड वाहनांचा आवाज तेथे बराच कमी येतो.

हेडफोन सबंध वेळ कानावर ठेवा. तुमच्या कानाला एखादे उत्तर कळले नाही, तर हात वर करून कमिशनरांना ‘उत्तर नोंदले गेले नाही’ एवढेच सांगा. हा हस्तक्षेप नाही, ते तुमचे कर्तव्य आहे. तुम्ही असे सांगू शकता, हे कामकाज सुरू होण्याआधीच त्यांच्याकडून ठरवून घ्या.


ऐरोली_संकलक

माझे काम थोडे निराळे आहे. ऐरोलीतील एका कार्यालयात आम्ही अमेरिकी खटल्यांतील जबान्यांच्या चित्रफिती टंकलिखित नोंदीशी ओळीनिशी जुळवतो. तिकडे खटला उभा राहण्यापूर्वीच वकिलांच्या कार्यालयात शपथेवर जबानी घेण्याची पद्धत आहे. तिचे नियम आपल्याला लागू नाहीत आणि कमिशनवरील साक्ष ही वेगळी गोष्ट आहे, हे आधीच स्पष्ट करतो. मात्र तेथे हे एक स्वतंत्र व्यावसायिक क्षेत्र झाले आहे आणि त्यांच्या काही सवयी आपण निश्चित घ्याव्यात.

त्यांच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांतील नियम ३० नुसार जबानी घेणारा अधिकारी सुरुवातीला स्वतःचे नाव व कार्यालयाचा पत्ता, तारीख, वेळ, ठिकाण आणि जबानी देणाऱ्याचे नाव नोंदीवर बोलून सांगतो, शपथ देतो आणि खोलीतील सर्वांची ओळख नोंदवतो. चित्रीकरण असेल तर यांतील पहिले तपशील प्रत्येक नव्या फितीच्या आरंभी पुन्हा सांगावे लागतात. शेवटी जबानी संपल्याचेही नोंदीवर सांगावे लागते. १९९३ च्या दुरुस्तीपूर्वी तेथे चित्रीकरणासाठी न्यायालयाची परवानगी किंवा पक्षांची संमती लागत असे. त्या दुरुस्तीनंतर जबानी घेणारा पक्ष नोटिशीत पद्धत नमूद करून चित्रीकरण निवडू शकतो. म्हणजे एवढी शिस्त असल्यामुळेच ते चित्रीकरणावर इतका विश्वास ठेवू शकतात, असे मला वाटते.

त्याच नियमातले एक वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते : साक्षीदाराचे किंवा वकिलांचे रूप व वर्तन चित्रीकरणाच्या तंत्राने विकृत होता कामा नये. लग्नाच्या चित्रीकरणाची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. डोळ्यांत पाणी आले म्हणून चेहरा जवळ घेणे, खालून कॅमेरा लावून माणूस करारी दाखवणे, बाजूने दिवा लावून चेहऱ्याची एक बाजू काळोखात ठेवणे, हे सगळे समारंभात शोभते. साक्षीत तेच पक्षपाती ठरते. कॅमेरा साक्षीदाराच्या डोळ्यांच्या उंचीवर, समोरून, तिपाईवर पक्का. चौकटीत डोक्यापासून टेबलावर ठेवलेल्या दोन्ही हातांपर्यंतचा भाग. एकदा चौकट ठरली की झूम नाही आणि हालचाल नाही. पाठीमागे खिडकी नको, साधी भिंत असावी.

हात दिसण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. साक्षीदाराने कोणता कागद कधी उचलला, चष्मा लावून वाचला की न वाचता उत्तर दिले, मांडीवर एखादी चिठ्ठी आहे का, हे हातांवरूनच कळते. पण कागदावर काय आहे ते मात्र या चौकटीत वाचता येणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या चित्रफितींत सर्वाधिक अडचण याचीच असते : वकील म्हणतात, ‘हा कागद पाहा, ही सही तुमची का?’, साक्षीदार म्हणतो ‘हो’, आणि कागद कोणता होता ते समजायला काहीच मार्ग नसतो. म्हणून प्रत्येक दस्तऐवज दाखवताना त्याचा निशाणी क्रमांक (दाव्याच्या कागदपत्रांत त्याला दिलेला क्रमांक) आणि पान मोठ्याने उच्चारले जावे, अशी विनंती कमिशनरांना आधीच करा. मान हलवून दिलेल्या उत्तराचेही तेच. ‘साक्षीदाराने होकारार्थी मान हलवली’ असे कोणीतरी बोलून नोंदवले पाहिजे.


नौपाडा_कॅमेरा

सर्वांचे मनापासून आभार. तीन शंका उरल्या आहेत. माझा नेहमीचा मिररलेस कॅमेरा तीस मिनिटांच्या थोडे आधी आपोआप थांबतो, तो चालेल का? दुसरे, साक्षीदाराचा मुलगा त्याच घरात राहतो आणि समोरच्या वकिलांना शंका आहे की तो कॅमेऱ्यामागून खुणा करील. त्यासाठी दुसरा कॅमेरा लावावा का? तिसरे, सही कोणत्या कागदावर करायची, हे अजून कळले नाही.


ऐरोली_संकलक

तो कॅमेरा या कामासाठी वापरू नका. युरोपातील जकातीच्या वर्गवारीमुळे बऱ्याच कॅमेऱ्यांवर ही तीस मिनिटांची मर्यादा आली. उलटतपासाच्या मधोमध कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर मधल्या काही सेकंदांत काय घडले यावर समोरचे वकील रास्त आक्षेप घेतील. दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद करणारा कॅमकॉर्डर भाड्याने घ्या. ५० मेगाबिट प्रतिसेकंद दराने तासाला साधारण २२.५ जीबी जागा लागते, त्यामुळे भरपूर क्षमतेची नवी कार्डे आणा. काही कॅमेरे ४ जीबीला फाइल तोडतात. पुढची फाइल सलग जोडलेली असेल तर त्यात गैर नाही, परंतु एकूण फाइली किती झाल्या हे कमिशनरांच्या नोंदीत आले पाहिजे. वीज ५० हर्ट्झची असल्याने शटर १/५० ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटची लुकलुक सबंध चित्रफितीत दिसत राहील. कॅमेऱ्याचे घड्याळ मोबाइलवरील वेळेशी जुळवून घ्या आणि तारीख-वेळ चित्रावर दिसेल असे ठेवा. वीज गेली तरी काम थांबू नये म्हणून कॅमेरा आणि मिक्सर दोन्ही बॅटरीवर चालतील अशी तयारी असावी.

दुसऱ्या कॅमेऱ्याच्या मी बाजूने आहे. खोलीचा कोपरा पकडून सर्व उपस्थित दिसतील असा तो लावा आणि त्यालाही हात लावू नका.


उलटतपास_ठाणे

दुसऱ्या कॅमेऱ्याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. लहान खोलीत दोन कॅमेरे, दिवे आणि तारा पाहून वृद्ध साक्षीदार दडपणाखाली येतात, आणि त्या दडपणाचा फायदा उलटतपास घेणाऱ्याला मिळतो. मुलाने खुणा करू नयेत यासाठी साधा आणि पक्का उपाय कमिशनरांच्या हाती आहे : मुलाला दुसऱ्या खोलीत बसायला सांगावे आणि तसे नोंदीत लिहावे. औषधासाठी कोणी जवळ हवे असेल तर त्या व्यक्तीने साक्षीदाराच्या शेजारी, चौकटीत दिसेल असे बसावे. तरीही दोन्ही पक्षांना दुसरा कॅमेरा हवा असेल, तर त्याची चित्रफीतही पहिलीसारखीच अखंड आणि नोंदीचा भाग झाली पाहिजे. सोयीची असेल तेवढीच दाखवायची, असे चालणार नाही.

ही साक्ष दिवसातून थोडा वेळच चालेल, हे धरून चला. विश्रांतीसाठी थांबताना कमिशनर वेळ सांगतील, त्यानंतरच कॅमेरा बंद करा. पुन्हा सुरू करताना वेळ आणि उपस्थितांची नावे परत बोलली जावीत.

आता कागदपत्रांचे. नियमानुसार कमिशनर आपल्या सहीच्या लेखी अहवालासोबत साक्ष न्यायालयाला परत पाठवतात, आणि ती दाव्याच्या अभिलेखाचा भाग होते. म्हणून चित्रफीत तुम्ही कमिशनरांना द्यायची, पक्षांच्या वकिलांना नाही. वकिलांना प्रत हवी असेल तर कमिशनरांच्या लेखी सूचनेनुसार दोघांना एकाच वेळी, तंतोतंत सारखी द्या. अहवालाची मुदत सर्वसाधारणपणे कमिशन निघाल्यापासून ६० दिवसांची असते, तेव्हा तुमच्याकडून विलंब होऊ देऊ नका.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी पूर्वी पुरावा कायद्याचे कलम ६५ब होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ ने घेतली आहे. सोबतच्या अनुसूचीत प्रमाणपत्राचा नमुना आहे, त्याचा भाग अ पक्षकाराने आणि भाग ब तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात उपकरणाचा तपशील आणि फाइलचे हॅश मूल्य (फाइलमधील माहितीवरून संगणकाने काढलेला तिचा ओळख-संकेतांक), ते कोणत्या पद्धतीने काढले यासह लिहावे लागते. कमिशनर स्वतः हजर राहून नोंदवलेल्या साक्षीला असे प्रमाणपत्र लागते का, यावर वकील वाद घालू शकतात. तो वाद उद्भवण्याची वाट न पाहता प्रमाणपत्राला लागणारी सर्व माहिती त्याच दिवशी तयार ठेवणे शहाणपणाचे आहे. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात उमेदवारी अर्ज दाखल करतानाच्या चित्रीकरणाचाच प्रश्न होता, आणि संबंधित अधिकाऱ्यांकडे वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळाले नव्हते. २०२० च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही, पण प्रत सादर करायची असेल तर ते आवश्यक आहे. प्रमाणपत्र देऊ शकणारा माणूस वर्षभराने सापडेलच असे नाही, हे त्या प्रकरणावरून सर्वांनी शिकण्यासारखे आहे.

म्हणून कामकाज संपताच, सर्वांच्या समोर, कार्ड लॅपटॉपला लावून प्रत्येक फाइलचे एसएचए-२५६ पद्धतीने हॅश मूल्य काढा. ते कागदावर छापून कमिशनर, दोन्ही वकील आणि तुम्ही सह्या करा. फाइलमधला एक अंशही बदलला तर हे मूल्य पूर्णपणे वेगळे येते. याच कारणाने चित्रफीत व्हॉट्सअॅपवरून पाठवू नका, तेथे ती दाबून लहान होते आणि मूळ फाइल राहत नाही. मूळ कार्ड लिफाफ्यात घालून, त्यावर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक, तारीख आणि वेळ लिहून, लाखेने मोहोरबंद करून कमिशनरांच्या ताब्यात द्या आणि पोच घ्या. कार्डाची किंमत आपल्या बिलात आधीच धरा, ते परत मिळणार नाही. भाड्याच्या कॅमकॉर्डरचा अनुक्रमांक आणि भाड्याची पावती तुमच्याजवळ ठेवा, कारण उद्या तुम्हाला साक्षीला बोलावले तर उपकरण कोणते होते हे सांगावे लागेल.


ध्वनी_वाशी

वकीलसाहेबांच्या मुद्द्याला एक जोड देतो. ध्वनिमुद्रक यंत्र वेगळे असेल तर त्याच्या कार्डाचेही हॅश मूल्य काढून तेही त्याच लिफाफ्यात जायला हवे. कॅमेऱ्याच्या फाइलमध्येही मिक्सरचा एकत्र आवाज घ्या, म्हणजे न्यायालयाला काहीही न जुळवता ती थेट पाहता येईल. आणि आदल्या दिवशी त्या घरी जाऊन जागा पाहायची असेल, तर कमिशनरांना कळवून, दोन्ही वकिलांना येण्याची मुभा देऊनच जा.


नौपाडा_कॅमेरा

जागा पाहण्याविषयी कमिशनरांना आजच पत्र देतो, आणि त्यातच निशाणी क्रमांक मोठ्याने उच्चारण्याची विनंतीही घालतो. शेवटची शंका : काम संपल्यावर माझ्याकडे एक प्रत ठेवावी का? लग्नाच्या चित्रीकरणाची प्रत मी नेहमी जपून ठेवतो.


उलटतपास_ठाणे

कमिशनरांनी लेखी सांगितल्याशिवाय ठेवू नका. लॅपटॉपवर उतरवलेली फाइल त्यांच्या समक्ष पुसून टाका आणि तसे पोचपावतीत लिहून घ्या. त्या बाईंनी आपल्या घरातील व्यवहार आणि आपल्या माणसांविषयी शपथेवर सांगितलेले असेल, ते न्यायालयासाठी आहे. कामाचा नमुना म्हणून त्यातील एकही दृश्य पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवू नये. दराविषयी मात्र आधीच लेखी ठरवा : तासांवर नव्हे, दिवसावर, कारण साक्षीदाराला बरे वाटले नाही तर दहा मिनिटांत पुढची तारीख पडते आणि तुमचा सबंध दिवस गेलेला असतो.